जसोदाबाईची सरकी

साहेब, जसोदाबाईचे डोळे तुम्ही घालवायला निघाला होतात. चोर म्हणून नाव झालं चुनीलाल दुकानदाराचं. तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्या खुर्चीवर उद्या दुसरा बसेल आणि तोही हेच करील. पण घडलं काय ते नीट वाचा.

सन बासष्टचा उन्हाळा. नंदुरबार स्टेशनाजवळच्या खोलीत रंजनाबाई चहा गाळत होत्या. शाळा बोर्डाशी भांडून त्यांनी मास्तरकी सोडली होती. आता लोकांच्या चोऱ्या, फसवणुकी शोधून देत. मदतीला त्यांचा दीर वाहरू. अंगाने दणकट, डोक्याने जरा आरामात चालणारा.

कोरीटच्या पलीकडच्या गावचा रूपचंद घामाघूम होऊन दारात उभा राहिला.

"बाई, चोरी व्हयनी. सरकी गई."

"कापसाच्या मुलखात सरकी चोरतं कोण?" वाहरू हसला. "गुरं खातात ती."

"त्या सरकीवर मन्ही मायना डोया शेतस."

हसू थांबलं. रूपचंदने सांगितलं ते असं. सरकारने म्हाताऱ्यांसाठी आरोग्याचा विमा काढला होता. पण गावाने दोनांतला एकच निवडायचा. एकात दर आठवड्याला गावातच औषधं फुकट. दुसऱ्यात नंदुरबारच्या इस्पितळात खाट आणि ऑपरेशन फुकट. वाचता कोणाला येत नव्हतं, म्हणून तुमच्या खात्याने दोन मडकी पाठवली. एकावर बाटली रंगवलेली, दुसऱ्यावर खाट. म्हाताऱ्यांनी चावडीत एकेकट्याने, दिसत नसेल तर सोबत घेऊन, जायचं आणि हव्या त्या मडक्यात एक सरकी टाकायची. काल तसं झालं.

"मायना दोन्ही डोयामा मोतीबिंदू. मी घरोघर फिरनू. सगळा बोलनात, खाटच घिऊ. आज सकाळी मडकी उपडी करी, तर खाटना मडकामा एक बी सरकी नही. माय आण लिसन सांगस, तिनी खाटमाच टाकी. मंग तिन्ही सरकी कथी गई?"

"निकाल?"

"दुपारले जीप ली जाई. मंग बदलाव नही."

रंजनाबाईंनी चहा तसाच ठेवला. "भाऊजी, उठा."

चावडीत मडकी तशीच होती. नवी कोरी, खरखरीत. शेजारी खात्याचा कारकून पान चघळत बसला होता.

वाहरूने बाटलीच्या मडक्यात हात घातला. बोटांना कापसाची लव चिकटून आली. खाटेच्या मडक्यात घातला. बोटं लाल मातीने भरली, बस.

"काही नाही वहिनी. आधीच रिकामं केलंय, मग काय सापडणार?"

"बोटं पुसू नका. आधी मला दाखवा." त्यांनी बोटं पाहिली आणि मान हलवली.

वाहरू चित्रं न्याहाळत होता. "ही बाटली उलटी का हो? औषध सांडतंय की सगळं. बघा, रंगसुद्धा मडक्याच्या तोंडाकडे ओघळलाय."

"ओतून देताना दाखवलीय," कारकून म्हणाला. "शहरातल्या रंगाऱ्याचं काम आहे."

"आणि खाटेला हे वर चार खांब?"

"मच्छरदाणीचे. इस्पितळाची खाट आहे ती. तुमच्याकडे बाज असते, तुम्हाला काय कळणार."

"रात्री चावडीची किल्ली कोणाकडे होती?" रंजनाबाईंनी विचारलं.

"चुनीलालशेठकडे. मी त्यांच्याकडेच मुक्कामाला होतो."

चुनीलालचं दुकान समोरच. औषधाचा विमा आला तर औषधं त्याच्याच फळीवर राहणार होती. त्यामुळे सकाळपासून कोणी त्याच्याकडे मिठालासुद्धा फिरकलं नव्हतं.

"मी चोर शे, लिही टाका," तो म्हणाला. "मन्हा बाप बी याच गावमा खोकलीसन मरना. म्हाताराले घरबसल्या औषध भेटनं तर मी पाप करं का?"

"किल्ली हातची सोडली होती?"

"कमरले व्हती. आता तुम्ही म्हनशात, कंबर बी चोरनी शे."

वाहरू बाहेर येताच पुटपुटला, "हाच. फायदा याचा, किल्ली याची."

रूपचंदच्या आईच्या, जसोदाबाईच्या अंगणात सावलीला बाज होती. वाहरूला तिच्यात ढेकूण दिसला. त्याने ती उचलली, पाय वर करून जमिनीवर उपडी टाकली आणि धपाधप झटकू लागला.

"काय करी ऱ्हायना रे?" शेजारची शांतीबाई धावतच आली. तिने स्वतः बाज सरळ केली. "जसोदी जित्ती शे आजून."

"माफ करा मावशी," वाहरू गोंधळला. ढेकणाचा आणि जगण्याचा संबंध त्याला लागेना.

जसोदाबाई हाताने चाचपत बाजेवर बसली. डोळ्यांवर दुधासारखी साय.

"आजी, मडक्यापर्यंत तुम्हाला कोणी नेलं?"

"शांतीनी. माले दिसस कथं? बालपणनी सोबतीन शे. तिनी हात धरा, मी सरकी सोडी. खाटमा. हो ना व शांती?"

शांतीबाईने पदर तोंडाला लावला. "मी भाकरी टाकाले जास," म्हणाली आणि गेलीच नाही.

रंजनाबाई उठल्या. "रूपचंद, गावाला चावडीपुढे बोलवा. जीप यायच्या आत."

लोक जमले. चुनीलाल लांब, एकटा उभा.

"पहिली गोष्ट," रंजनाबाई म्हणाल्या, "चोरी झालीच नाही. सरकीला लव असते आणि कोरं मडकं खरखरीत. सरकी आत पडली की लव चिकटते. माझ्या दिराने दोन्ही मडक्यांत हात घातला. बाटलीच्या मडक्यातून लव आली. खाटेच्या मडक्यातून नुसती माती. त्यात सरकी कधी पडलीच नव्हती, मग काढणार कोण? चुनीलालभाऊ, तुमची कंबर सुटली."

कोणीतरी खुदकन हसलं. चुनीलाल लांबून गर्दीत आला.

"मंग मन्ही सरकी?" जसोदाबाईने विचारलं.

"सांगते. रंगारी मडकं रंगवताना तोंडावर उपडं ठेवतो, नाहीतर ते गडगडतं. चित्र त्याने सरळच काढलं. मडकं उपडं होतं म्हणून रंग तोंडाकडे ओघळला. पण मडकं सुलटं केलं आणि चित्र उलटं झालं. बाटली सांडायला लागली. आणि खाट?"

वाहरूने पुन्हा मडक्याकडे पाहिलं. "वर आहेत ते खांब नाहीत. पाय आहेत."

"आता बोललात. शहरातल्या माणसाला मच्छरदाणी दिसली. पण शांतीमावशी, या गावात बाज उपडी कधी टाकतात?"

शांतीबाईने खाली पाहिलं. "मानूस मरना का, मंग टाकतस."

म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बाकी प्रत्येक जण एकटा आत गेला. समोर मयताची खाट. तिच्यात आपल्या हाताने आपलं बी कोण टाकील? आणि असलं बाहेर येऊन कोण बोलेल? प्रत्येकाला वाटलं, आपण एकटेच घाबरलो."

"जसोदी, मी तुन्हा हात फिरवा," शांतीबाई रडत म्हणाली. "त्या खाटमा तुले कशी टाकू देऊ? माले तू जित्ती पाहिजे."

जसोदाबाईने तिचा हात शोधला. "आंधळी मी शे, आनि ठेच तुले लागनी व."

कारकून म्हणाला, "निकाल तर लागलाय."

"ठीक. मग जीपमधून शांतीबाईही येतील आणि वर हेच सांगतील. चालेल?"

त्याने पान थुंकलं. "सरक्या टाकून घ्या परत. लवकर."

रंजनाबाईंनी दोन्ही चित्रं ओल्या फडक्याने घासून काढली. एका मडक्यापुढे चुनीलालने औषधाची खरी बाटली ठेवली. दुसऱ्यापुढे वाहरूने जसोदाबाईची बाज आणली आणि चारही पाय जमिनीला टेकलेत ना, हे दोनदा पाहिलं.

काही सरक्या बाटलीकडे पडल्या. ज्यांना औषधच हवं होतं, त्यांनी ते उघड्या डोळ्यांनी निवडलं. पण मडकी उपडी केली तेव्हा खाटेपुढचा ढीग मोठा होता. जसोदाबाईला शांतीबाईनेच आणलं. मडक्यापाशी हात सोडला आणि म्हणाली, "आते तूच टाक."

पावसाळ्याआधी ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तेव्हा जसोदाबाईने आधी शांतीबाईकडे पाहिलं. "किती म्हातारी व्हई गई व तू."

साहेब, रंगाऱ्याची चूक समजते. मडकं गडगडतं. पण मडकी पाठवण्याआधी एका म्हाताऱ्या माणसापुढे ठेवून "यात तुला काय दिसतं?" एवढं विचारायला तुम्हाला काय अडचण होती? आणि ज्या गावांत रंजनाबाई पोचल्या नाहीत, तिथे कोणाचे डोळे गेले? उत्तर द्या.