नागुमोंच्या वरचं नाव

मे महिन्यातल्या लांब सुट्ट्या संपल्या आणि मित्सुयो ओरिता ऑफिसात आली, तेव्हा ईमेलचा प्रोग्राम बदललेला होता. कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. 'पाठवा'चं बटण वर डावीकडे असायचं, ते खाली उजवीकडे जाऊन बसलं होतं. अठरा वर्षं जपून लावलेले फोल्डर कुठल्याशा तीन ठिपक्यांच्या आड गेले होते. निळा रंग जाऊन सगळीकडे राखाडी आला होता, आणि वर एक ओळ होती : तुमचं काम आता आणखी सोपं झालं आहे.

"माझं काम अवघड आहे असं तुला कुणी सांगितलं?" मित्सुयो पडद्याला म्हणाली.

जपानातल्या शिरोतोरी गावच्या नागुमो हातमोजे कारखान्यात ती एकतीस वर्षं होती. खाली शिवणयंत्रं, वर ऑफिस, खिडकीतून पाइनची रांग आणि त्यापलीकडे समुद्र. ऑफिसात माणसं अकरा. रोज साडेआठला त्या सगळ्यांना दिवसाची सूचना पाठवायची, हे तिचं काम. दिसायला क्षुल्लक, पण नावं मानाच्या क्रमाने लागली पाहिजेत. आधी नागुमो साहेब, मग कारखान्याचे प्रमुख, मग पुढचे. हा क्रम कुठे लिहिलेला नव्हता. नवा माणूस एकदा चुकायचा, ऑफिसात क्षणभर शांतता पसरायची, आणि तो पुन्हा चुकायचा नाही. मित्सुयो दाराजवळच्या टेबलावर, अकराव्या नावापासून सुरू झाली होती. सातव्या नावापर्यंत यायला तिला एकोणीस वर्षं लागली. नवऱ्यामागे घर आणि नोकरी एकटीने ओढून तिने ती जागा मिळवली होती, आणि तिचा तिला अभिमान होता.

नवा प्रोग्राम नावं आपली आपण लावत होता. त्या सकाळी त्याने नागुमो साहेबांच्या वर एक नाव लावलं होतं : सल्लागार कुसे.

मालक निवृत्त झाला की त्याला सल्लागार म्हणतात आणि त्याचं नाव नव्या मालकाच्या वर जातं, हे खरं. पण साहेबांचे वडील खुर्चीवर असतानाच वारले होते. या कारखान्याला सल्लागार कधी नव्हताच. मित्सुयोने नाव खोडलं आणि गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात यानागिला फोन लावला. ऑफिसची यंत्रं तोच बघायचा.

"यानागि-सान, ही नावं कोण लावतंय?"

"प्रोग्रामच लावतो हो. कोण महत्त्वाचं, ते तो ओळखतो."

"मग त्याला म्हणावं, आधी दहा वर्षं दाराजवळ बसून फोन उचल. मला जुनं परत द्या."

"जुनं आता मिळत नाही, ओरिता-सान. पहिले चार दिवस सगळेच वैतागतात. मग सवय होते."

"मला होणार नाही. आणि हे कुसे कोण?"

पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. "तुमच्या पत्त्यांत असं नाव नाहीये. तुमच्याच जुन्या पत्रांतून उचललं असेल."

मित्सुयोने ते तीन ठिपके शोधून काढले आणि अठरा वर्षांची पत्रं चाळली. कुसे कुठेच नव्हते. बुधवारी ते नाव पुन्हा वर होतं. तिने खोडलं. गुरुवारी पुन्हा. तिने पुन्हा खोडलं, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की ती स्वतः सातवी राहिली नव्हती. नाव खोडलं की दर वेळी ती एक पायरी खाली येत होती. आता ती नववी होती.

"राहू दे ना ते नाव," हिशेब बघणारी हात्सुमी म्हणाली. दोघी वीस वर्षं एकत्र जेवत होत्या. "तुमच्या घरी जेवायला येतायत का ते?"

"आले तर आधी ओळख तरी करून देतील. हे न विचारता डोक्यावर येऊन बसलेत."

हात्सुमी हसली नाही. मान खाली घालून कागद चाळत राहिली.

शुक्रवारच्या बैठकीला मित्सुयो पाणी ठेवायला गेली. दारापासून सगळ्यांत लांबची खुर्ची साहेबांची. ती रिकामी होती. साहेब तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. कारखान्याचे प्रमुख त्यांच्या पलीकडे, आणि तसेच सगळे एकेक जागा खाली सरकलेले. कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. बोलताना मात्र सगळे त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलत होते.

बैठक संपल्यावर तिने साहेबांना गाठलं.

"साहेब, हे कुसे कोण आहेत?"

नागुमो साहेबांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. भला माणूस, साठीचा. खोटं बोलता येत नसे.

"ओरिता-सान, ते नाव काढत जाऊ नका."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"मला वाटतं, ओळखतो," ते म्हणाले.

तिने सोमवारी ते नाव खोडलं. मंगळवारी तिचं स्वतःचं नाव यादीत नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी जेवणाचे डबे आले. डबे ऑफिसच्या यादीवरून मागवले जात. दहा आले. सगळ्यांनी आपापले उचलले, झाकणं उघडली, तळलेल्या माशाचा वास पसरला, आणि मित्सुयो हात पुढे करून तशीच उभी राहिली.

हात्सुमीने वर पाहिलं. "अय्या, तुम्ही आहात होय आज?"

"रोजच असते."

"हो का," हात्सुमी म्हणाली. आवाजात कुजकेपणा अजिबात नव्हता, आणि तेच मित्सुयोला लागलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं. आठवडाभर असंच चाललं, तर दारातून आत येताना तिला कुणीतरी विचारणार होतं, आपलं काय काम आहे. एकतीस वर्षं अशी तीन ठिपक्यांच्या आड जाणार होती.

"बघतेच," ती म्हणाली. कुणी विचारलं नाही, काय बघते.

तिने कॉम्प्युटर बंद केला. नुसता पडदा नाही, तारही भिंतीतून उपटली. खणातून कोरा कागद, पट्टी आणि काळं पेन काढलं. पूर्वी सूचना कागदावर फिरायची, प्रत्येकजण वाचून आपल्या चौकोनी घरात आपल्या नावाचा लाल शिक्का मारायचा. तिने वर लिहिलं : उद्यापासून सर्व सूचना कागदावर फिरतील. खाली ओळीने अकरा घरं आखली. डावीकडून पहिलं साहेबांचं. सातवं आपलं. त्यात तिने नाव इतकं दाबून लिहिलं, की मागच्या बाजूला वळ उठला.

कागद स्वतः घेऊन ती टेबलाटेबलाशी गेली आणि शिक्का पडेपर्यंत प्रत्येकासमोर उभी राहिली. कुणी नाही म्हटलं नाही. साहेबांनी शिक्का हातात घेऊन थोडा वेळ घालवला, मग मारला.

जागेवर येऊन तिने कागद नीट पाहिला.

हाताखालच्या माणसाने शिक्का किंचित डावीकडे कलता मारायचा, वरच्याच्या शिक्क्यापुढे वाकल्यासारखा, ही इथली जुनी रीत. ते नेहमीचंच होतं. पण आज शिक्के किंचित कलले नव्हते. आडवे पडायला आले होते. आणि साहेबांचा शिक्का, जो एकतीस वर्षांत कधी कुणापुढे कलला नव्हता, तोही डावीकडे वाकला होता.

त्याच्या डावीकडे कोरा समास होता.

मित्सुयो दचकली. मग राग आला, आणि रागाने ती सावरली. तिने आपला शिक्का शाईत बुडवला, सातव्या घरात ठेवला आणि दाबला. ताठ, उभा, केसभरही न कलता. असा शिक्का तिने आयुष्यात मारला नव्हता. कागद फळ्यावर टाचला आणि ती घरी गेली. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली.

सकाळी ती फळ्यापाशी गेली. शिक्के तसेच होते. तिचा ताठ होता.

समासात, जिथे घर आखलेलंच नव्हतं, तिथे एक बारावा शिक्का होता. कुसे. तो उजवीकडे कलला होता. साहेबांना आणि मधल्या सगळ्यांना ओलांडून, सातव्या घराच्या दिशेने.

मागे साहेब येऊन उभे होते.

"काल सल्लागारांनी विचारलं," ते हळू आवाजात म्हणाले, "सातव्या घरातली कोण म्हणून. मी तुमचं टेबल दाखवलं."

"बरं केलंत," मित्सुयो म्हणाली. "मी तिथेच असते म्हणावं."

ती टेबलाशी जाऊन बसली. पाठ ताठ ठेवली. खिडक्या बंद होत्या, पंखा अजून कुणी लावला नव्हता. समोर पाहुण्यांसाठीचं स्टूल होतं. त्याच्याकडे तिने सरळ बघायचं ठरवलं आणि बघत राहिली.

हात्सुमी चहा घेऊन आली. दोन कप. पहिला तिने रिकाम्या स्टुलापुढे ठेवला, दोन्ही हातांनी, वाकून. दुसरा मित्सुयोपुढे. मग गेली.

मित्सुयो उठली नाही. तिच्या कपातली वाफ सरळ वर जात होती. समोरच्या कपातली वाफ थांबून थांबून तिच्या अंगावर येत होती, गरम चहा कुणी फुंकून प्यावा तशी.