एकात एक सात वजनं

"ही माझी नाहीत," असं म्हणून खंडेराव बोरस्ते यांनी पितळी डबी टेबलावर ठेवली.

त्यांच्या गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये खासगी तपासनीस उज्वला गायधनी आणि तिचा मदतनीस, चुलत दीर भारत बसले होते. खंडेराव ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. जुनी वजनं जमवण्याचा त्यांना छंद होता.

त्यांनी झाकण उघडलं. डबी हेच सर्वांत मोठं वजन. तिच्यात पेल्यासारखं दुसरं, त्यात तिसरं, अशी एकात एक बसलेली सात वजनं.

"प्रत्येकाचं वजन आतल्या सगळ्यांच्या बेरजेएवढं असतं. आणि माझं सातवं भरीव होतं. हे बघा, पोकळ! काल तराजूत घातली, एकही जुळेना. कोणीतरी नकली संच करवून इथं ठेवला आणि माझा नेला."

"संशय कोणावर?"

"सुलाबाईवर. मी तीन दिवस वणीला होतो, किल्ली तिच्याकडे. ती काम करते त्या शेजारच्या तीन घरांना सकाळीच सावध केलं. संध्याकाळी पोलिसांत जातो."

"आणखी कोणाकडे किल्ली?"

"पुतण्याकडे, शेखरकडे. आणि परवा भांडीबाजारातला हिरामण आला होता. मी चहा टाकेपर्यंत तो इथं एकटाच होता."

"संचाचा फोटो?"

खंडेरावांनी मोबाइल पुढे केला. सातही वजनं रांगेत पालथी मांडलेली. शेजारी मापाची पट्टी.

"शिक्के बुडाला असतात, म्हणून फोटो असाच काढतात. घरच्यांना, व्यापाऱ्यांना, सगळ्यांना पाठवलाय. सोमवारी संच संग्रहालयाला देणार होतो."

सुलाबाई स्वयंपाकघरात उभी होती.

"दर दसऱ्याला पूजेच्या आधी मीच पुसते ती," ती म्हणाली. "मोठ्यांच्या पोटात बोट घालून पुसावं लागतं. धाकट्याला पोटच नाय, एक हात मारला की झालं. बारा वर्सं झाली ताई. पोलिसात नाव गेलं तर चारी घरं सुटतील माझी. साहेबांच्या बाई आज हयात असत्या तर ही पाळी आली नसती."

हिरामण दुकानातच भेटला.

"मीच मिळवून दिला होता तो संच," तो म्हणाला. "शेवटची दोन समोरासमोर घातली, काटा हलला नाही. तेव्हाच अस्सल म्हटलं."

"परत हवा होता?"

"कोणाला नको असेल, ताई? दोनदा मागितला. हाकलून दिलं."

"वहिनी, हाच," बाहेर पडताच भारत म्हणाला. "याच्या ओळखीचे तांबट किती!"

"असतील," एवढंच उज्वला म्हणाली.

संध्याकाळी खंडेरावांच्या फ्लॅटवर शेखर गाडी घेऊन आला.

"काका कोणाला हात लावू देतात होय!" तो हसला. "कपाटात बंद डबी दिसते तेवढीच. बाकी आम्ही फोटोवर खूश."

उज्वलाने नकली सातवं वजन टेबलावर पालथं ठेवलं.

"भारत, हे भरीव की पोकळ?"

"असं कसं कळणार?"

"तांबटालाही कळलं नाही. त्याला फोटो मिळाला, पट्टीवरून मापं मिळाली. पालथी वजनं वरून सारखीच दिसतात. सहा पोकळ, म्हणून सातवंही त्याने पोकळ केलं. करवून घेणाऱ्यालाही ते खटकलं नाही, कारण त्याने अस्सल सातवं कधी सुलटं पाहिलंच नव्हतं. सुलाबाईला त्याला पोट नाही हे ठाऊक आहे. हिरामणने ते तोललंय. संच बंद डबीत आणि फोटोत पाहिलेला, किल्ली असलेला माणूस एकच."

"हा नुसता अंदाज झाला," शेखर म्हणाला.

"मग मोबाइल द्या. तो फोटो कोणाकोणाला पाठवला ते बघू."

शेखरचा हात खिशावर गेला, पण मोबाइल बाहेर आला नाही.

"परक्यांना देऊनच टाकणार होता ना, काका?" शेवटी तो म्हणाला. "डिकीत आहे." त्याने गाडीची किल्ली पुढे केली.

खंडेराव ती न घेता स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"सुलाबाई, चुकलो मी. उद्या येशील ना?"

"ते उद्याचं उद्या बघू, साहेब. सकाळी ज्या तीन दारांवर माझं नाव घेतलं, तिथं आधी जाऊन या."

खंडेरावांनी चपला घातल्या आणि शेजारची बेल दाबली.