कायमच्या सावलीतली रेघ

बसा शंकरकाका. तिथे नको, खुर्ची इकडे भिंतीशी ओढून बसा, म्हणजे दिव्यावर सावली पडणार नाही. कूलर लावता येत नाही, ज्योत हलते. तुमची तक्रार ऐकतोच. तेलाच्या वासाची असणार, बरोबर खाली राहता तुम्ही, खिडकीतून येत असेल. पण तेरावा होऊनही हा दिवा का जळतोय ते आधी ऐकून घ्या. मग तुम्ही म्हणाल तसं करू.

सुरुवात साधी आहे. संहिता गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पीठ आणायला गेलो. तिच्या आईने, प्रमोदिनीबाईंनी, सांगितलं होतं, तांदळाचं हवं, बारीक, दोनदा चाळलेलं. राऊ गावच्या बाजारातल्या चक्कीवर गेलो. चक्कीवाल्याने विचारलं, "भिया, चकलीचं?" मी हो म्हटलं. हो म्हणणं सोपं होतं. चार दिवसांच्या तापात बायको गेली, हे पिठाच्या चक्कीवर कुठे सांगत बसू? लोक म्हणतात, छाती फुटते. माझं तसं काही झालं नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, मग गाल आपला वाटत नाही, तसा मी सगळाच झालो होतो. पिशवीत पीठ कसं बसतंय ते बघत उभा राहिलो.

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. तिला जिथे ठेवलं होतं, तिथे, त्या कोपऱ्यात, पीठ पसरलं. त्यावर दिवा, वातीचं तोंड दक्षिणेला, आणि वरून विरळ विणीची मोठी टोपली. दहाव्याला टोपली उचलायची आणि पिठात कुणाचं पाऊल उमटलं ते बघायचं. पाखराचं उमटलं तर पाखराचा जन्म, माणसाचं तर माणसाचा. दिवा मात्र तेराव्यापर्यंत विझू द्यायचा नाही. जाणाऱ्याची वाट अंधाराची असते, म्हणतात.

माझं काम तुम्हाला एकदा लिफ्टमध्ये सांगितलं होतं. तुम्ही हसला होतात, चंद्राचे फोटो काढायचा पगार मिळतो म्हणून. मी काढत नाही काका. चंद्राभोवती फिरणारं यान काढतं, आमची छोटीशी कंपनी ते साफ करते. चंद्राच्या दक्षिण टोकाला असे खड्डे आहेत की त्यांच्या तळाशी सूर्य पोचतच नाही. आज नाही, उद्या नाही, माणूस जन्मायच्या आधीपासून नाही. वरच्या कडेवर ऊन पडतं, ते भिंतीवरून परततं, त्याची जरा झाक तळाला येते, बस. कॅमेरा तेवढ्यावर फोटो घेतो. त्यातली खरखर मी काढून टाकली, की खालची धूळ दिसते. धुळीत दगड दिसतात. दगड गडगडत आला असेल तर त्याची रेघ दिसते, आणि रेघेच्या टोकाला तो दगड असतोच. आपण फक्त खुणा करायच्या. सुतकातही मी हे काम सोडलं नाही. आतल्या खोलीत बसून अंधार बघणं मला बरं वाटत होतं.

दहाव्याचं सगळं उरकून आम्ही दुपारी घरी आलो. कावळा लगेच शिवला होता. संहिताच्या आईंनी टोपली उचलली, वाकून पाहिलं, मग गुडघ्यावर बसून पाहिलं.

"काहीच नाही हो, देवदत्तराव... मुंगीपण नाही फिरली."

मीही पाहिलं. पीठ जसंच्या तसं होतं.

"एवढंच बघायचं होतं मला," त्या म्हणाल्या. "पोरगी कुठे गेली, बस इतकंच. कुणी सांगेल का हो मला?"

त्यांना रडू येत होतं आणि मला येत नव्हतं, म्हणून काहीतरी करावं असं वाटलं असेल. मी म्हटलं, "आई, ज्योत अगदी जवळ आहे, हलके ठसे अशा उजेडात दिसत नाहीत. खोलीत अंधार करून, भिंतीवरून परतलेल्या उजेडात फोटो काढला तर दिसतील. आमचं कामच ते आहे."

"अंधार म्हणजे... दिवा?"

"थोडा वेळ."

"तिला वाट दिसते हो त्याने..." मग पदर तोंडाला लावून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "करा शांत. पण लगेच लावा. मैं नहीं देखूंगी."

फुंकर मारायची नसते. मी फुलाने वात दाबली.

पडदे लावले होते, समोरच्या भिंतीवर उन्हाची बारीक पट्टी पडेल इतकीच फट ठेवली होती. कॅमेरा स्टुलावर ठेवून बटण दाबलं. अशा फोटोला वेळ लागतो, हलायचं नसतं. आधी वास आला. दिवाळीत फटाके वाजवून झाल्यावर गल्लीत राहतो ना, तो वास. मे महिना होता. मग तळपायांना फरशी गार लागली, इतकी गार की पाय उचलून घ्यावेसे वाटले. आणि मग आवाज आला. टप. सर्र. टप. सर्र...

तुम्ही ओळखलंत. कॉलेजात असताना संहिता स्कूटीवरून पडली होती, डाव्या पायात रॉड होता, तो पाय घसटायचा. वर्षानुवर्षं ती तुमच्या डोक्यावर चालली आहे, तुम्हाला वेगळं काय सांगू?

"देवदत्तराव..." आई भिंतीशी कुजबुजल्या, "तुम्ही चाललात का?"

"नाही."

"मग दिवा लावा... लावा ना..."

काडी दोनदा विझली. तिसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा आवाज दक्षिणेच्या भिंतीपर्यंत पोचून थांबला होता. तिकडे दार नाही, बघताच आहात तुम्ही.

पीठ पुन्हा तसंच होतं, गुळगुळीत. पण फोटो साफ केला आणि ठसे दिसले. दिव्याभोवती सगळं पीठ तुडवलेलं. शेकोटीला चिकटून बसावं तशी ती दहा दिवस दिव्याच्या अवतीभवती होती. आणि एक ओळ दिव्यापासून दूर गेलेली. सगळे ठसे स्वच्छ होते, शेवटचा मात्र हललेला. फोटो निघत असताना जो पाय उचलला जातो, तो तसा येतो; म्हणजे ती निघाली ती मी दिवा विझवल्यावर.

"माणसाचं?" आईंनी विचारलं.

"माणसाचं. तिचंच."

त्या रडल्या, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोचली बाई माझी. मनुष्यजन्म मिळाला." तो हललेला ठसा मी त्यांना दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी यानाचे नवे फोटो आले. ज्या खड्ड्यावर मी महिनाभर काम करत होतो, त्याच्याच तळाचे. परवापर्यंत कोरी असलेल्या धुळीत एक माग होता. फोटोवर वेळ असते. आदल्या दिवशी दुपारची होती, मी वात दाबली तेव्हाची.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या नीरजचा फोन आला. "भिया, इथे तर काहीच नव्हतं ना? दगड कुठेय?"

"दगड नाहीये."

"मग माग कशाचा? खड्डा, रेघ, खड्डा, रेघ... ये क्या है यार?"

"नॉइज लिहून टाक."

"दोन्ही कॅमेऱ्यांत सेम नॉइज?" मग तो म्हणाला, "तू सुट्टी घे, भिया." आणि फोन ठेवला.

माणसाचं पाऊल त्या फोटोत दिसूच शकत नाही, काका. एका ठिपक्यात आख्खा माणूस मावतो. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. चंद्रावरच्या धुळीला फटाक्यांच्या दारूसारखा वास येतो म्हणतात, तेही आठवायचं नाही असं ठरवलं. पण यान दर फेरीला नवे फोटो पाठवत होतं आणि माग वाढत होता. खड्ड्याच्या भिंतीशी जायचा, थोडा वर चढायचा, घसरून खाली यायचा, पुन्हा दुसरीकडे. वर कडेला ऊन असतं, खालून त्याची झाक दिसत असणार. मला रडायला हवं होतं. मी खुणा करत राहिलो.

तेराव्याला आई पीठ भरायला लागल्या. मी म्हटलं, दिवा राहू दे. त्या म्हणाल्या, "आता कशाला? तुम्हीच तर दाखवलंत मला." त्या समाधानाने आपल्या घरी, देपालपूरला, गेल्या आणि मी त्याच चक्कीवरून पुन्हा पीठ आणलं. या वेळी चक्कीवाल्याने काही विचारलं नाही.

आणि दिव्याचा उपयोग झाला. त्यानंतरच्या फोटोंत तिचं भटकणं थांबलं. माग सरळ झाला, भिंत जिथे जरा खचलेली आहे तिकडे निघाला. तिला दिवा दिसला होता. त्या दिवशी मी वरण-भात करून पोटभर जेवलो.

काल सकाळी आणखी फोटो आले. तिच्या मागाशेजारी दुसरा माग आहे. खड्ड्याच्या अगदी आतून आलाय, जिथे परतलेला उजेडही जात नाही. त्याला रेघ नाही. नुसते खड्डे, लांब लांब पडलेले. आधी तिच्या मागाला येऊन मिळालाय, मग तिच्या मागेमागे. शेवटच्या फोटोत तो तिच्या पुढे आहे.

त्याची खूण मी केली नाही. नीरजलाही सांगितलं नाही.

आता सांगा काका, तुम्ही मोठे आहात. दिवा विझवला तर ती पुन्हा हरवेल, आणि या वेळी कायमची. ठेवला तर... उजेड काय, तो सगळ्यांनाच दिसतो. कालपासून मी याच कोपऱ्यात बसून आहे. उठलो तो फक्त तुमच्यासाठी दार उघडायला. काही सुचत नाही. भीतीसुद्धा वाटत नाही नीट.

बरं, तुमचं राहिलंच. तेलाचा वास ना?

नाही? मग?

कोण चालतं? नाही हो, मी एकटाच आहे, मी तर जागचा हललो नाही. कधीपासून? आज पहाटेपासून? या दक्षिणेच्या भिंतीपासून दिव्याच्या कोपऱ्यापर्यंत?

काका, थांबा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आत काहीतरी दुखलं. आली ती. घसटत चालतं ना? टप, सर्र, टप, सर्र... तसंच ना?

नीट आठवून सांगा.

सरळ? एकदम सरळ पावलं... पाय न घसटता?

बरं.

उठू नका काका, एवढ्यात उठू नका. पाय तेवढे खुर्चीवर घ्या, फरशी गार व्हायला लागली आहे. मी दिव्यात तेल घालतो. संहिता मागून येत असेल.