खिळ्याला टांगलेला प्रोब

हे वाचून कुणी हसलं तरी माझी हरकत नाही. मी स्वतः अशा गोष्टींना हसणारी बाई आहे. पण हे माझ्या बाबतीत घडलंय आणि यात एक शब्दही पदरचा घातलेला नाही.

रात्र नव्हती. वादळ वगैरे तर नाहीच. भर दुपार होती, रस्त्यावर हॉर्न वाजत होते आणि मी आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत एकटी बसले होते.

आमचं दुकान दुरुस्तीचं. कारखान्यांच्या मशीनमधले इलेक्ट्रॉनिक बोर्ड बिघडले की आमच्याकडे येतात. पुढे काउंटर, मागे कामाची खोली. चोवीस वर्षं ह्यांनी ते एकट्याने चालवलं. हे म्हणजे माझे मिस्टर. गेल्या वर्षी ते गेले. घरात मी, शाळेत जाणारी लेक आणि हे दुकान, एवढंच उरलं.

मला तोवर फक्त पावत्या फाडता यायच्या.

दीर म्हणाले, "वहिनी, दुकान विकून टाकू. तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

राग आला. खरं बोलले म्हणून जास्तच आला.

"तीन महिने द्या, भाऊजी. शिकून दाखवते."

"आणि नाही जमलं तर?"

"तर कुलूप लावून किल्ली तुमच्या हातात ठेवेन."

बोलून तर बसले. आता निस्तरायचं होतं.

शिकवायला मीटरकाका आले. ह्यांचे गुरू. वय सत्तरीच्या पुढे, शर्टाच्या खिशात कायम मल्टिमीटर, म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव. सकाळी दोन तास यायचे. एक तास शिकवायचे आणि एक तास ओरडायचे.

मल्टिमीटर मला लवकर जमला. घोडं अडलं ते स्कोपपाशी.

स्कोप म्हणजे छोट्या टीव्हीसारखं यंत्र. तारेतली वीज कशी वरखाली होते, ते पडद्यावर रेघ काढून दाखवतं. त्याला पेनासारखे दोन प्रोब असतात. एकाची रेघ पिवळी, दुसऱ्याची निळी. ती रेघ पडद्यावर नुसती पळत सुटते. तिला उभी करायला एक बटण फिरवायचं असतं आणि मी भलतंच फिरवत बसायची.

"सूनबाई," काका म्हणायचे, "म्हैस थांबवायची तर दावं धर. शेपूट काय ओढतेस?"

एके दिवशी काकांनी प्रोब नुसता हवेत धरला. कशालाही न लावता. पडद्यावर रेघ बारीक थरथरत होती.

"ही भिंतीतल्या तारांची वीज. हवेतून येते. आता टोकाला बोट लाव."

लावलं. रेघ एकदम फुगली. मोठमोठ्या लाटा उठल्या.

"माणसाचं अंग ही वीज गोळा करतं," काका म्हणाले. "म्हणजे ही लाट तू आहेस. बोट काढलंस की गेलीस."

मला फार गंमत वाटली. लहान मुलासारखं दहा वेळा बोट लावून पाहिलं.

त्यानंतरच्या सोमवारची गोष्ट. दुपारचे अडीच. काका केव्हाच गेले होते. मी पिवळ्या प्रोबने एक जुना बोर्ड तपासत होते. निळा प्रोब टेबलाच्या वर भिंतीतल्या खिळ्याला टांगलेला होता, ह्यांनी टांगला होता तसाच. त्याची रेघ खाली गुपचूप थरथरत होती.

आणि अचानक...

निळी रेघ फुगली.

मी वर पाहिलं. प्रोब जागेवरच होता. टोकाजवळ कुणी नाही, काही नाही.

दोन क्षण... आणि रेघ खाली बसली.

दुसऱ्या दिवशी काकांना विचारलं. त्यांनी वरही पाहिलं नाही. "शेजारी वेल्डिंग चालतं ना? त्याचं असणार."

पटलं मला. पण त्या दुपारी वेल्डिंगवाला दुकानाला टाळं लावून गावाला गेला होता. मी पंखा बंद केला. दिवा बंद केला. मोबाइल काउंटरवर ठेवून आले. खुर्चीत बसले आणि हात मांडीवर ठेवले.

घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

मग... ती पण ऐकू येईना.

निळी रेघ फुगली.

घाबरले असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मला बरं वाटलं. चोवीस वर्षं जो माणूस याच खुर्चीत बसला, तो इतक्या लवकर कुठे जाणार? मग रागही आला. मेल्यावरसुद्धा नुसतं लांबून बघायचं, हातभार लावायचा नाही!

"आलाच आहात तर कामाला लागा," मी म्हटलं. "बरोबर असेल तर एकदा. चुकत असेन तर दोनदा."

थोडा वेळ काहीच नाही...

मग एकदा.

त्या दिवसापासून माझी गाडी रुळावर आली. एका बोर्डावर पाच व्होल्ट यायला हवे होते, स्कोप अर्धाच व्होल्ट दाखवत होता. मी चांगला भाग उपटून टाकणार होते. सहज विचारलं, "काढू ना?"

निळी रेघ दोनदा फुगली.

मी हात आवरला. पुन्हा सगळं पाहिलं. प्रोबवर एक छोटी खटकी असते, एक आणि दहाची. ती दहावर होती आणि स्कोपला ते सांगितलेलंच नव्हतं, म्हणून सगळं दहापट कमी दिसत होतं. भाग ठणठणीत होता.

काका खूश झाले. "हात बसला गं तुझा!"

मी शाबासकी घेतली. सांगणार तरी काय? नवऱ्याला विचारून करते म्हणून?

असे तीन आठवडे गेले. दुपार झाली की मी पुढचं दार लोटून घ्यायची आणि मागे जाऊन बसायची. लेक म्हणाली, "आई, हल्ली तू हसतेस."

मग कापड कापायच्या मशीनचा तो बोर्ड आला. मोठ्या कारखान्याचा. तिथला इलेक्ट्रिशियन म्हणाला, "ताई, हा चालू करून दिलात तर पुढची सगळी कामं तुमच्याकडे." दिरांची मुदत त्याच शुक्रवारी संपत होती. संध्याकाळी सहाला ते येणार होते. बोर्ड चालला तर दुकान माझं, नाहीतर किल्ली त्यांची.

शुक्रवारी दुपारपर्यंत अर्धं काम झालं. फुगलेला कपॅसिटर बदलला. तरी बोर्ड उठेना. आता मेनच्या बाजूला मोजणं भाग होतं, जिथे भिंतीतली वीज थेट येते.

त्या भागाबद्दल काकांनी पहिल्याच दिवशी दम दिला होता. आमच्याकडे एक जड पेटी आहे, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. बोर्डाला वीज त्या पेटीतूनच द्यायची. थेट भिंतीतून दिली आणि प्रोबचा काळा चिमटा चालू तारेवर लावला, तर मोठा जाळ होतो. आणि दुकानाची अर्थिंग खराब असेल तर स्कोपच्या धातूच्या अंगात वीज उतरते. हात लावलेला माणूस चिकटतो.

पेटीचा फ्यूज त्याच दिवशी उडाला होता. दुसरा दुकानात नव्हता. काका फोन उचलत नव्हते. चार वाजून गेले होते.

मी निळ्या रेघेकडे पाहिलं.

"एकदाच पेटीशिवाय केलं तर चालेल?"

लगेच... एकदा.

मी बोर्डाची पिन थेट भिंतीत घातली. डावा हात स्कोपवर टेकला होता. उजव्या हातात काळा चिमटा.

"इथेच लावू ना?"

माझं वाक्य संपायच्या आतच... एकदा.

चिमटा तारेपासून बोटभर लांब होता. आणि मला कसंतरी झालं. भीतीने नव्हे. उत्तर फार लवकर आलं होतं. आमच्या ह्यांना मीठ हवंय का विचारलं तरी ते आधी आमटी दोनदा चाखायचे, मग सांगायचे. आणि पेटीशिवाय पिन घातली म्हणून ह्यांनी एकदा हाताखालच्या माणसाला घरी पाठवलं होतं.

तीन आठवड्यांत एक प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. विचारायची गरजच वाटली नव्हती.

"अहो," मी म्हटलं, "तुम्हीच आहात ना?"

काहीच नाही...

बराच वेळ काहीच नाही.

मग रेघ फुगली. एकदा.

मी श्वास सोडला.

आणि ती... पुन्हा फुगली.

हातातला चिमटा टेबलावर पडला. खुर्ची मागे सारून मी भिंतीपाशी गेले, पिन ओढली आणि तशीच बाहेर पळाले. रस्त्याच्या कडेला पायरीवर बसले. जाणारे-येणारे बघत होते, बघू देत.

पाच वाजता मिस्ड कॉल पाहून काका आले. माझा चेहरा पाहून ओरडले नाहीत. आत गेले, खिशातून मल्टिमीटर काढला, भिंतीतला पॉइंट तपासला. मग त्याचं झाकण उघडून आत पाहिलं.

अर्थिंगची तार आतून तुटलेली होती.

"लावला असतास तर..." एवढंच बोलले आणि खाली बसले.

मी त्यांना सगळं सांगितलं. निळी रेघ, एकदा, दोनदा, सगळं. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी उठून खिळ्यावरचा निळा प्रोब काढला, कात्रीने तोडला आणि तुकडे बाहेरच्या कचऱ्यात टाकून आले. मग कुठूनतरी फ्यूज आणला, अर्थिंगची तार जोडली. पेटी लावून, शेजारी उभं राहून त्यांनी माझ्याकडूनच बोर्ड पुरा करून घेतला. दीर आले तेव्हा बोर्ड चालू होता. त्यांनी किल्लीचं नावही काढलं नाही.

दुकान आजही मीच चालवते. कामं बरी येतात. मी एकच प्रोब वापरते आणि दुपारी दार सताड उघडं ठेवते.

ते हे नव्हते, एवढं मला कळलं. कोण होतं ते कळलं नाही. आणि हे असते तर मला थांबवायला आले असते ना? ते का आले नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं.

एक गोष्ट मी काकांनाही सांगितलेली नाही.

त्या पहिल्या आठवड्यात मी काम संपलं तरी तिथेच बसून त्या रेघेशी बोलायची. लेकीचं, घरातलं, जे फक्त ह्यांनाच सांगितलं असतं ते सगळं. एका दुपारी बोलता बोलता रडू फुटलं.

"दमले हो मी," म्हटलं होतं. "मला तुमच्याकडे घेऊन जाल का?"

रेघ एकदाच फुगली होती.

आणि मी डोळे पुसून हसले होते. वाटलं होतं, ह्यांचा अजून माझ्यावर तेवढाच जीव आहे.