उंबऱ्याच्या आत

बस स्थानकात शिरली ती धुराचा लोट बरोबर घेऊनच. त्या उन्हाळ्यात च्यांगमाईभोवतालची सगळी रानं पेटली होती आणि शहराच्या उशाशी असलेला डोंगर कित्येक दिवसांत कुणाला दिसला नव्हता. फोंगचान तोंडाला ओलं फडकं बांधून रोजच्यासारखी उभी होती. तिच्या आईला सगळा नदीकाठ माए थिप म्हणे; माए म्हणजे आई. ती घरातल्या दोन खोल्या भाड्याने देई, आणि उतारू गाठून आणणं हे लेकीचं काम.

बसमधून एक तरुण उतरला. पाठीवर त्याची म्हातारी आई होती, लेकरासारखी गळ्याला मिठी मारलेली. म्हातारीची एक चप्पल निसटली आणि फोंगचानच्या पायापाशी येऊन पडली. तिने वाकून ती म्हातारीच्या पायात चढवली. पाऊल तापाने फणफणलं होतं.

"राहायला बरं कुठे मिळेल हो?" त्याने विचारलं. "इस्पितळ जवळ हवं."

"जुन्या शहराच्या खंदकाच्या आत देवळामागे खोल्या स्वस्त आहेत. पण तिथे ढेकूण तुमच्या आधी राहायला आलेत. स्टेशनाकडच्या बऱ्या, पण दारुडे गात बसतात—"

"आणि तुमच्याकडे?"

"आमच्याकडे खोल्या आहेत हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"बाकीच्यांची निंदा ऐकून कळलं."

फडक्याआड तिला हसू आलं. "आमच्याकडे जिना उंच आणि मालकीण तापट. पण घराखाली एक खोली आहे, समोर नदी आहे."

"मालकीण कोण?"

"माझी आई."

"तापटपणा लेकीतही उतरलाय का?"

"राहून बघा..."

तो घाटांपलीकडच्या नानच्या खोऱ्यातला, नाव इन्पान. आई बुआलाय.

एक गोष्ट मात्र फोंगचान बोलली नाही. माए थिप आजारी माणूस ठेवत नसे. पूर्वी एक परका वाटसरू त्या घरात वारला होता आणि त्याच वर्षी फोंगचानचा थोरला भाऊ नदीने नेला. परक्याचा जीव आपल्या छपराखाली गेला म्हणून घरचे पूर्वज कोपले, असं माए थिपने मनाशी धरलं ते धरलंच. फोंगचानने तिला सांगितलं, म्हातारीचे गुडघे दुखतात, बाकी काही नाही.

रोज सकाळी इन्पान आईला पाठीवर घेऊन इस्पितळात निघे. नदी आटली की पलीकडे जायला बांबूचा पूल बांधत. तो इतका अरुंद की एकामागे एकच चालावं. फोंगचान छत्री धरून मागे चाले.

"तुम्ही का येता रोज?" एकदा त्याने मान न वळवता विचारलं.

"तुम्ही पडलात तर भाडं कोण देणार?"

"फक्त भाड्यासाठी?"

"चपलेसाठीसुद्धा. परत पडेल ती."

पाठीवरून म्हातारी खुदकन हसली. "पोरी, हा लहानपणापासून असाच गं. सरळ विचारायचं सोडून आडून आडून विचारतो..."

इन्पानचे कान लाल झाले. मागून ते फोंगचानला दिसले, आणि तो दिवस तिला पुरला.

पण म्हातारी त्याच्या पाठीवर दिवसेंदिवस हलकी होत गेली. एका सकाळी डॉक्टर त्याच्याशी बाहेर येऊन बोलले. आता औषध नाही. घरी न्यायची तर आजच न्या, तरी वाटेतल्या घाटांचा भरवसा नाही.

इन्पान तिला घराखालच्या खोलीत परत घेऊन आला आणि दाराशी बसला. आत बुआलाय शुद्धीवर होती. "मला बाहेरची करू नकोस रे," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. घराबाहेर जीव गेला की माणूस बाहेरचं होतं. मग त्याला गावात घेत नाहीत, वेशीवरूनच मसणात नेतात. गाडीत जीव गेला तर ती कायमची बाहेरची होणार होती, आणि इस्पितळात गेला तरी तेच.

फोंगचान वर धावली. तिने आईला खरं काय ते सांगितलं. माए थिप पान लावत होती. तिचा हात थांबला.

"गुडघे म्हणालीस तू मला!"

"आई, तिला इथेच जाऊ दे. आपल्या छपराखाली."

"कोण लागते ती आपली? माझा एक गेला, फोंगचान. आता तू एकटीच उरलीस मला. गाडी बोलाव. मी हात जोडते त्याला, पण गाडी बोलाव."

एवढ्यात इन्पान जिना चढून आला. तो भांडायला आला नव्हता, निरोप घ्यायला आला होता. आतल्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर तो गुडघ्यांवर बसला. त्या खोलीत पूर्वेच्या खांबावर पूर्वजांना पुजायची फळी होती आणि परक्याने तो उंबरा ओलांडायचा नसे.

"येतो, माए," तो म्हणाला. "तुमचा दोष नाही."

फोंगचान उंबऱ्याच्या आत उभी होती. तिने फळीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग वाकून इन्पानचं मनगट धरलं आणि त्याला ओढून आत घेतलं.

माए थिपच्या हातून पानाचा डबा पडला.

परक्या पुरुषाने घरच्या लेकीला शिवलं, आतला उंबरा ओलांडला, की पूर्वजांचा अपमान होतो. तो एकाच रीतीने फिटतो. कोंबडं, दारू, फुलं फळीपुढे ठेवायची आणि हा आता घरचा जावई, असं पूर्वजांना सांगायचं. इकडे लेकी सासरी जात नाहीत, जावईच घरी येतो, आणि त्याची आई मग परकी उरत नाही.

"खुळी का गं तू?" माए थिप पुटपुटली. "कळतंय का काय केलंस?"

"कळतंय."

"आणि तुला रे? तुला कळतंय?"

 इन्पानने मनगट सोडवून घेतलं नाही.

माए थिपने एकदा फळीकडे पाहिलं. मग सांडलेली पानं एकेक वेचून डब्यात भरली.

"कोंबडं धरून आण," ती म्हणाली. "आणि विहीणबाईंना वर घ्या. खाली ओल आहे."

बुआलाय त्याच आठवड्यात गेली. त्या सकाळी माए थिप तिला चमच्याने पाणी पाजत होती. दोघी कोंबड्यांच्या भावाबद्दल काहीतरी कुरकुरत होत्या आणि बोलता बोलता एकीचा आवाज थांबला. तिला घराच्या दारातून, घरच्या माणसासारखं खांद्यांवर नेलं.

सगळं आटोपल्यावर इन्पान बांबूच्या पुलावर जाऊन उभा राहिला. फोंगचान मिटलेली छत्री घेऊन मागून आली. जळत्या रानाची राख हलकेच खाली येत होती.

"नानचं घर रीतीने बहिणीचं आहे," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "पण तू म्हणशील तर मी जाईन. तू ते आईसाठी केलंस... दया आली म्हणून. दयेवर जन्मभर कसं जेवायचं माणसाने?"

"दया आली असती," फोंगचान म्हणाली, "तर तुझ्या आईचा हात धरला असता मी."

तो वळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचे डोळे भरून आले.

"मग... राहायला बरं कुठे मिळेल?"

"जिना उंच आहे."

"चढेन."

"मालकीण तापट आहे. दोघी."

तिच्या केसांवर राखेचा एक कण येऊन बसला होता. इन्पानने हात पुढे केला, सवयीने क्षणभर थांबवला, आणि मग तो कण अलगद उचलून घेतला. डोंगर त्या दिवशीही दिसला नाही. पण पुलावरून ती दोघं घराकडे निघाली, तेव्हा छत्री त्याच्या हातात होती.