मोतीचं दुसरं रक्त

“माझ्या दवाखान्यात कोणीतरी लबाडी करतंय, तृप्तीताई!” जनावरांच्या डॉक्टर मोहिनी दारातूनच म्हणाल्या.

इंदिरानगरातल्या पाळीव कुत्र्यांचं रक्त तपासून, डास कुठे विषाणू पसरवताहेत ते शोधायचं, हे त्यांचं काम. ललित खैरनारांच्या मोतीच्या रक्तात विषाणूची खूण सापडली होती. खात्रीसाठी गेल्या आठवड्यात पुन्हा रक्त घेतलं, तर ते स्वच्छ!

“ती खूण इतक्यात पुसली जात नाही. या निकालावर महापालिका उद्या त्या गल्लीतला डासांचा शोध थांबवणार. तिथे ताप वाढतोय हो! खैरनारांची मुलगी पायलसुद्धा हॉस्पिटलात आहे.”

“रक्त काढणाऱ्या पोरीनेच नळी बदलली,” सुनीलने निकाल देऊन टाकला. गुप्तहेर तृप्ती गायधनींचा हा मदतनीस निकाल द्यायला कधीच वेळ लावत नसे.

दवाखान्यात ती पोरगी, पूजा, रडकुंडीला आली. “देवाशप्पथ मॅडम, पुढच्या पायावरचे केस भादरून मीच रक्त काढलं. मोतीला पहिल्यांदाच बघत होते. खैरनारकाकांनी फाटकाशी आणून दिला. गुणी कुत्रा! फक्त अंगभर कांद्याची टरफलं होती, ती झटकावी लागली.”

खैरनारांकडे मोती पायलच्या चपलेवर डोकं ठेवून पडला होता. तृप्तीने त्याचे दोन्ही पुढचे पाय कुरवाळले. केस चांगले लांबसडक होते. भिंतीवरच्या फोटोत पायलच्या मांडीवर दोन हुबेहूब पिल्लं होती.

“दुसरं कुठे असतं?” सुनीलने सहज विचारलं.

“लासलगावला, माझ्या भावाच्या कांदाचाळीवर,” ललित म्हणाला.

“आणि मोती बाहेर हिंडतो?” तृप्तीने विचारलं.

“छे! फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही.”

“मग पूजाने रक्त काढलं ते मोतीचं नव्हतंच,” तृप्ती म्हणाली. “नळी बदलली असती, तरी पाय भादरलेला दिसला असता. आठवड्यात केस एवढे वाढत नाहीत.”

“पूजाच खोटं बोलत असेल तर?” सुनील हटेना.

“अरे, मग तिला कांद्याची टरफलं कशी सुचली? घरातून न हलणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर ती येतील कुठून? ललितराव, तुम्ही मोतीचा भाऊ लासलगावहून आणून उभा केलात.”

ललितने मोतीला जवळ ओढलं. “लोक म्हणाले, महापालिका कुत्रा उचलून नेईल. पायल डोळे उघडले की आधी मोतीबद्दलच विचारते. कसा देणार होतो मी त्याला?”

“त्याला कोणी नेणार नव्हतं हो!” तृप्ती म्हणाली. “त्याच्यापासून कुणाला धोका नाही. त्याला विषाणूवाला डास चावला, एवढंच ते रक्त सांगत होतं. आणि मोती तर फाटकाबाहेर जात नाही.”

ललितने मागच्या दाराकडे पाहिलं. “म्हणजे डास माझ्याच अंगणात?”

तो धडपडत मागच्या, वापरात नसलेल्या पाण्याच्या टाकीकडे धावला. सुनीलने फुटकं झाकण सरकवलं, तशी डासांची झुंडच वर आली.

“पायलला मी काय सांगू?” ललितला हुंदका आवरेना.

“खरं तेच सांगा. पण आधी टाकी उपसू. शेजाऱ्यांनाही बोलवा,” तृप्ती म्हणाली आणि तिनेच पहिली बादली आत सोडली.