हौद्यावरची एक थाप

भुताची गोष्ट म्हटली की लोक आधी अमावस्या आणतात. मग पाऊस, मग वटवाघळं.

माझ्या गोष्टीत यातलं काही नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. एकोणीसशे एकोणसाठ सालचा एप्रिल, गाव शिरूर, आमच्या घराला लागून असलेली पत्र्याची शेड. अंगणात उघड्या पायानं उभं राहता येत नव्हतं, असं ऊन.

शपथ घेऊन सांगते, सगळं खरं आहे. ज्याला पटत नसेल त्यानं मांडवगणच्या एस.टी.त बसून एकदा जाऊन यावं. मग माझ्याशी वाद घालावा.

मी ग्लॅडिस. माझे यजमान सत्यवान मोटारींचे मिस्त्री. मिशनमध्ये सुतारकाम शिकले आणि लोखंडाच्या नादी लागले. सासूबाई दयाबाई आमच्याजवळच. आणि धाकटे दीर विल्यम.

विल्यम भाऊजी टिपर लॉरीवर ड्रायव्हर होते. टिपर म्हणजे जिचा मागचा हौदा उचलला जातो आणि माल आपोआप खाली पडतो, ती. लष्करानं लढाईनंतर विकून टाकलेली जुनी गाडी. मांडवगण फराट्याच्या रस्त्याला भराव घालायचं काम चाललं होतं, तिथं ते मुरूम वाहायचे.

गाडीवाल्यांची एक खूण असते. मागं उभा राहिलेला क्लीनर हौद्यावर हातानं थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे चल.

भाऊजींना ती सवय इतकी, की घरातसुद्धा तेच. कामाला निघाले की दारावर दोन थापा. परत आले की एक. कधी हाक मारतील तर शप्पथ! ती एक थाप ऐकली की सासूबाई चुलीवर तवा टाकायच्या.

अठ्ठावन्नच्या मे महिन्यात भाऊजी दोन थापा मारून गेले.

एक थाप आलीच नाही.

ठेकेदार म्हणाला, "पोरगं गाडी सोडून मुंबईला पळालं." पोलिसांनीही तेच लिहून घेतलं. सहा-सात महिन्यांनी पाद्रीसाहेब हळूच म्हणाले, देवळात, म्हणजे चर्चमध्ये, एक प्रार्थना करू या त्याच्यासाठी. सासूबाई ताडकन उठल्या.

"मेलेल्याची प्रार्थना जित्या माणसासाठी करता व्हय? मढं दावा आधी मला. न्हाईतर माझं पोरगं आणून द्या."

त्या दिवसापासून त्यांनी देऊळ सोडलं. दाराशी बसून राहायच्या. जेवताना घास हातात, कान दाराकडं. मला ते बघवत नव्हतं. कधीकधी तर रागच यायचा, की या बाईला अजून एक लेक आहे, सून आहे, आम्ही काय मेलो आहोत का?

मग दौंडच्या भंगारात यांना ती गाडी दिसली. भाऊजींचीच. हे घरी येऊन गप्प बसले. पण आईच्या नजरेतून काही सुटतं का?

"सत्या, ती गाडी घरी आण."

"आई, लोखंडाचा गोळा झालाय तिचा."

"तू मिस्त्री हायेस का कोण? चालू कर तिला. तिचा आवाज ऐकला की येईल त्यो. कुठंबी असंना."

दुसऱ्या ट्रकला दोर बांधून गाडी ओढत आणली. पत्रा गंजलेला, दिवे फुटलेले, हौदा चेसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, घट्ट बसलेला. यांनी लागोपाठ पहारी लावून पाहिल्या. हौदा केसभर हलला नाही.

"हौदा उचलायचा पंप गेलाय," हे म्हणाले. "आधी इंजिन जागं करू. मग पंपाचं बघतो."

शेडमध्ये गाडी लावली त्याच दुपारी मी भाकरी थापत होते. हे आत जेवत होते. शेडमध्ये कुणी नव्हतं…

थाप.

एकच.

सासूबाई उठून धावल्या. म्हातारीच्या पायात एवढं बळ कुठून आलं, देव जाणे. दार उघडलं, अंगण बघितलं, रस्ता बघितला. कोणी नाही. हे म्हणाले, उन्हानं पत्रा ताणला की वाजतो. मी हो म्हटलं. पण माझ्या हातातली भाकरी तव्यावर जळून गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा. मग रोज.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आमच्या कोंबड्या उन्हात कुठल्याही गाडीखाली जाऊन बसायच्या. बैलगाडी असो, कुणाची जीप असो. या गाडीखाली केवढी तरी सावली होती…

तिथं एकही कोंबडी गेली नाही. कुत्रासुद्धा नाही. भिंतीकडेच्या वीतभर सावलीत सगळी दाटीवाटीनं बसलेली.

हे मात्र कामाला जुंपले होते. पिस्टन गंजून अडकले होते, तर प्लगच्या भोकांतून रॉकेल आणि तेल ओतून ठेवलं. रेडिएटर सोड्यानं धुतला. कार्बोरेटर उघडून माझ्या चांगल्या पातेल्यात भिजत घातला. त्यावरून मी बोलले नाही असं समजू नका. एरवी हे हसले असते. त्या दिवसांत हे हसायचेच विसरले होते. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. गाडी चालू झाली की भाऊ येईल, असं त्यांनाही वाटायला लागलं होतं बहुतेक. शहाणा माणूस, पण आशेपुढं शहाणपण टिकत नाही.

एका दुपारी मी पाणी घेऊन शेडमध्ये गेले. हे सामान आणायला बाजारात गेले होते.

शेडमध्ये कुणीतरी झोपलं होतं.

घोरण्याचा आवाज येत होता. संथ. श्वास आत घेताना बारीक शीळ वाजायची…

तो आवाज मला ठाऊक होता. लहानपणी झाडावरून पडून भाऊजींचं नाक मोडलं होतं. झोपले की तशीच शीळ वाजायची. आम्ही चिडवायचो त्यांना त्यावरून.

आवाज हौद्याखालून येत होता. हौदा आणि चेसी यांच्यामध्ये हात घालायला जागा नव्हती, तिथून.

तांब्या माझ्या हातातून पडला. मागं वळले तर सासूबाई दारात. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. बाई हसत होती!

"गप," त्या म्हणाल्या. "झोपलाय."

आणि विंझणा घेऊन त्या गाडीजवळ बसल्या आणि हौद्याला वारा घालू लागल्या. रोज दुपारी. हात दुखून यायचा, तरी थांबायच्या नाहीत. मी रडून सांगितलं, "आई, उठा हो, हे खरं नाही." त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

हे मला म्हणाले, "मलाही ऐकू येतं, ग्लॅडिस." बस, एवढंच.

शेवटी ईस्टरनंतर इंजिन लागलं. यांनी हँडल मारलं, मारलं, मारलं. हाताला फोड आले. मग एकदम धूर ओकून गाडी धडधडायला लागली. सासूबाई रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. पदर सावरून, पोराची वाट बघत.

कुणी आलं नाही.

यांनी पंपाची दुरुस्ती केली होती. कळ ओढली. हौदा कण्हला, थरथरला आणि वर्षभरानं चेसीवरून सुटला. वर वर गेला. यांनी आधी बाभळीचा जाड टेकू लावला आणि मगच खाली डोकावले.

आणि मला हातानं जवळ बोलावलं.

चेसीवर एक फळी होती. मधोमध मोडून लोखंडाला चिकटलेली. फळीवर गोणपाटाची घडी, उशीसारखी. गोणपाट काळं पडलं होतं…

ते वंगण नव्हतं.

यांनी मला नंतर सांगितलं. मुरमाच्या खाणीत झाड नसतं. खाली विंचू. म्हणून काही ड्रायव्हर दुपारी हौदा उचलतात, चेसीवर आडवी फळी टाकतात आणि हौद्याच्या सावलीत झोपतात. वर वारा लागतो. फक्त टेकू लावायचा असतो. भरल्या पोटी, डोळ्यांवर झापड आली की कोण उठतं टेकू लावायला? एक डुलकी तर काढायची. आणि जुना पंप तेल सोडतो, हौदा खाली येतो… हळूहळू.

मग ठेकेदारानं हौदा उचलून भाऊजींना काढलं असणार. आणि बोभाटा नको म्हणून कुठंतरी ठेवलं असणार.

सासूबाई ते गोणपाट उराशी धरून उभ्या होत्या. त्यांनी टाहो फोडला नाही. फक्त एवढंच विचारत होत्या, "कुठं ठिवलं माझं लेकरू? सत्या, कुठं ठिवलं रं?"

आता जिवंत लेक नको होता त्यांना. कुठं आहे, तेवढं हवं होतं.

यांनी हौदा खाली घेतला. आम्ही तिघंही पुढं, इंजिनपाशी उभी होतो. मागं कुणी नव्हतं. मी स्वतः बघितलं…

थाप. थाप.

दोन.

"चल म्हणतोय," सासूबाई म्हणाल्या आणि केबिनमध्ये चढून बसल्या.

मीही चढले. नाही कशी म्हणणार? वाटेतलं न्हावरा गाव गेलं. उन्हानं रस्ता पाण्यासारखा हलत होता. हे गाडी हाकत होते, मी मनातल्या मनात 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणत होते आणि मध्येच विसरत होते. प्रत्येक फाट्याला गाडी हळू व्हायची आणि मागून दोन थापा यायच्या.

मांडवगणच्या अलीकडं, दोन्ही बाजूंना उसाचे फड, मध्ये उंच भराव…

थाप.

एकच.

यांनी ब्रेक दाबला. सासूबाई उतरल्या आणि तापलेल्या डांबरावर गुडघे टेकून बसल्या. हे पहार घेऊन खणायला लागले. वेड्यासारखे. डांबराच्या ढलप्या उडत होत्या. शेजारच्या शेतातून हौसराव नावाचे बागाईतदार धावत आले.

"ओ मिस्त्री, काय करताय? सरकारी रस्ता हाय. आत टाकतील तुम्हाला."

यांनी पहार थांबवली नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. हौसरावांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला.

"बाई, गेल्या उन्हाळ्यात ठेकेदारानं एक दिवस समद्या मजुरांना दुपारीच घरी धाडलं. आन् ह्यो तुकडा संध्याकाळी घाईनं स्वतः भरून घेतला. तवाच मला कसंतरी वाटलं हुतं. पर म्या इचारलं न्हाई."

पुढं खणायची परवानगी मिळाली नाही. हे किती कचेऱ्या फिरले, त्याची गणती नाही. ठेकेदार तर कधीच दुसऱ्या जिल्ह्यात गेला होता. ज्या रस्त्यावरून सगळा तालुका जातो, तो एका ड्रायव्हरसाठी कोण फोडणार?

शेवटी पाद्रीसाहेब तिथं आले. भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी मातीची, म्हणजे पुरताना म्हणतात ती, प्रार्थना म्हटली. सासूबाईंनी या वेळी अडवलं नाही. प्रार्थना झाल्यावर त्या खाली बसल्या आणि आपल्या हातानं रस्त्यावर दोन थापा मारल्या.

"जा लेकरा," त्या म्हणाल्या. "जा आता. आईनं सोडलं तुला."

आम्ही सगळे तिथंच उभे होतो. हौसराव, पाद्रीसाहेब, हे, मी. उसाचं पातंसुद्धा हलत नव्हतं…

खालून एक थाप आली.

पाद्रीसाहेबांच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. सासूबाईंनी डांबरावर गाल टेकवला. भाजत होता, तरी काढला नाही.

"जात न्हाई म्हणतोय," त्या म्हणाल्या.

त्या दिवसानंतर गाडी पुन्हा लागली नाही. यांनी ती तोडून विकली. सासूबाई एस.टी.नं त्या भरावापाशी जायच्या, डबा सोडून बसायच्या, दिवे लागायच्या आत परत. एक पावसाळा निघाला, दुसऱ्यात त्या गेल्या. शिरूरच्या दफनभूमीत आहेत.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

आता एकोणसत्तर साल आहे. गेल्या महिन्यात मांडवगणला एक लग्न होतं, म्हणून मी इतक्या वर्षांनी त्या रस्त्यानं गेले. एस.टी.त दुपारची गर्दी. एस.टी.चीही तीच रीत, एक घंटी थांब, दोन घंट्या चल. दोन्ही बाजूंना ऊस दिसला…

एक घंटी वाजली.

ड्रायव्हरनं गाडी थांबवली. कंडक्टर मागच्या टोकाला तिकिटं फाडत होता. दोरीला कुणाचा हात नव्हता.

"कोण उतरतंय?" तो ओरडला.

कोणी उठलं नाही.

"ही जागाच तशी हाय," ड्रायव्हर म्हणाला. "दुपारच्या फेरीला कायम." कंडक्टरनं दोन घंट्या दिल्या. गाडी हलली.

लगेच पुन्हा एक.

तेव्हा मला कळलं, तो कुणासाठी थांबवतोय ते. नऊ वर्षं झाली, आई डबा घेऊन उतरते का ते बघतोय. त्याला कुणी सांगितलंच नाही.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. लोक बघत होते, बघेनात का! मी खिडकीतून खाली वाकले.

"भाऊजी," मी म्हणाले, "आई इथं येणार नाहीत आता. त्या शिरूरला आहेत."

घंटी वाजली नाही. गाडी निघाली.

लग्नात मी पंगतीला बसले. मनातून वाटत होतं, बरं केलं, कुणीतरी सांगायलाच हवं होतं. घरी आले, यांना सांगितलं. यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "ती मेली, हे नाही सांगितलंस."

खरंच की. मी म्हणाले, त्या शिरूरला आहेत. एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाकरी थापत होते. हे समोर बसले होते. दार लोटलेलं होतं…

थाप.

एकच.

आम्ही दोघंही उठलो नाही. तेव्हापासून रोज दुपारी येते. दार उघडून त्याला काय सांगायचं, ते आम्हाला अजून सुचलेलं नाही. मी फक्त चुलीवर तवा टाकते.